एक अळी दाखवा

…नाही नाही, पण मी म्हणतो, माणसाच्या घरात डासाची अळी नाही, हा काय गुन्हा झाला? तुम्हीच सांगा! अहो बसा, ती खुर्ची ओढा, पण आधी मला सांगा, भर दवाखान्यात, चारचौघांत, एका सभ्य माणसाकडे बोट दाखवून असं विचारतात का कधी, "काय हो, तुमच्या घरात एकही अळी नाही म्हणे?" आणि विचारतंय कोण, तर आमचे समोरचे वकील! ज्यांच्या गच्चीवरच्या टाकीत… जाऊ दे, मला ते वर्णन करवत नाही. आणि बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी कुणाचं पाकीट मारलंय! एक आजीबाई तर शेजारणीला म्हणाल्या, अगदी मला ऐकू येईल अशा बेताने, "फुकटची औषधं न्यायला बरे पुढे असतात, द्यायची वेळ आली की एक अळी निघत नाही घरातून!" तुम्हाला सांगतो, मी जागच्या जागी गार पडलो.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस काय बरळतोय. मलाही तसंच वाटलं असतं हो! पण आमच्या गावात आता असं आहे. आता आपलं आपण!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. माझं चष्म्याचं दुकान. उभा जन्म काचा पुसण्यात गेला. त्यामुळे हाताला सवयच अशी लागली की समोर काही दिसलं की पुसायचं. गल्लीत मला पुसपुसेकाका म्हणतात, तोंडावर म्हणतात, मला राग नाही. घरात पाण्याचं पिंप असेल तर त्याला झाकण, झाकणावर फडकं, फडक्यावर वीट. आमची ही म्हणते, "अहो, तहान लागली तर घोटभर पाणी काढायला गवंडी बोलवावा लागतो!" तर अशा माणसाच्या घरात अळी येणार कुठून?

आता गावाचं सांगतो. पूर्वी आमच्या नगरपालिकेला पैसा वरून यायचा. वरून म्हणजे कुठून, ते विचारू नका. वरून! आणि यायचा केव्हा? तापाची साथ येऊन, माणसं आडवी होऊन, उठून पुन्हा कामाला लागली की मग. आणि त्यातही कशाला काय वापरायचं, हे वरच ठरलेलं. एकदा गाव तापाने फणफणलंय, घरटी एक माणूस अंथरुणात, आणि वरून आलं काय? तर कान तपासण्याची मोहीम! दारोदार येऊन विचारतायत, "आजोबा, नीट ऐकू येतं ना?" आजोबा म्हणाले, "येतं हो, घरातल्या सगळ्यांचं कण्हणं अगदी स्वच्छ ऐकू येतंय!"

मग एक दिवस कायदा बदलला. गावाचा कर गावाने बसवायचा, गावाने गोळा करायचा आणि गावानेच खर्च करायचा. आमच्या नगराध्यक्षीणबाई चौकात भाषणाला उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आता कुणापुढे हात पसरायचा नाही! आपलं गाव, आपला पैसा, आपली तब्येत! आता आपलं आपण!" काय टाळ्या पडल्या! मी तर शिटीसुद्धा वाजवणार होतो, पण कवळी नवीन होती.

आणि बोलून थांबल्या नाहीत हो बाई. त्यांनी नियमच केला, ज्या त्या खात्याने आपापलं कमवायचं आणि कमवेल तेवढंच खायचं. बागेला तिकीट लागलं, बाजाराला गाळ्याचं भाडं वाढलं. आरोग्य खात्याने काय विकायचं? खोकल्याचं औषध? केसपेपरला पैसे लावावेत, तर दवाखाना फुकट हे निवडणुकीत भिंतीभिंतीवर रंगवलेलं, तो रंग अजून ओला! मग सभेत कुणाच्या तरी डोक्यातून कल्पना निघाली, दंड लावा. ज्याच्या घरात साचलेल्या पाण्यात डासाची अळी सापडेल, त्याला दंड. आणि तो दंड दुसऱ्या कुणी खायचा नाही, सरळ दवाखान्याला. आहे की नाही डोकं? ज्याने ताप पसरवायचा, त्यानेच औषधाचे पैसे भरायचे. मी तेव्हा म्हणालो, वा! मी म्हणालो हो, ह्याच तोंडाने!

आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीचा काळ सोन्यासारखा गेला. खात्याने चार माणसं नेमली. आमच्या भागातला हडकुळा, पायात रबरी बूट, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात लांब दांड्याची पळी. त्याला सगळे अळीवाला म्हणायचे. तो घरात शिरायचा, पिंपात पळी बुडवायचा, टॉर्च मारायचा आणि अशा आवाजात म्हणायचा, जसं बारशाला नाव सांगतायत, "सापडलीऽऽ!" की फाडली पावती. गावात एवढ्या अळ्या आहेत, हे कुणाला माहीत होतं? दवाखान्याचा नुसता कायापालट झाला. डॉक्टरीणबाई रोज यायला लागल्या, कपाटात औषधं दिसायला लागली, आणि मलमपट्टीला सिस्टरबाई आल्या. इतक्या हलक्या हाताच्या, की पट्टी कधी सुटली आणि कधी बांधली, कळायचं नाही.

आणि इथेच तर माझा जीव अडकला. कारण आमच्या हिच्या पायाला जखम. हिला साखरेचा आजार, चपलेचा अंगठा लागला काय आणि बोट चिघळलं काय. शहराच्या मोठ्या इस्पितळात नेली, तर तिथला डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "बोट काढावं लागेल." जसं काही टाका उसवायचाय! माझ्या तर पायाखालची जमीन सरकली. ही मात्र शांत. म्हणाली, "काढायचं असेल तर ह्यांच्या हाताचं काढा, काही पुसायला राहणार नाही." पण रिक्षात बसल्यावर रडली हो. मी पाहिलं नाही असं दाखवलं. मग गावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काढायची घाई नको. एक दिवसाआड नीट साफ करून पट्टी झाली तर बोट वाचेल. पण खंड पडता कामा नये हं काका, अजिबात खंड नको." आणि खरंच, सिस्टरबाईंच्या हाताला गुण आला. जखम भरायला लागली!

आणि तेवढ्यात… गाव सुधारलं.

हसताय काय? गाव सुधारलं! दंडाला घाबरून माणसांनी पिंपं झाकली, कुंड्यांच्या बशा पालथ्या केल्या, जुने टायर भंगारात दिले. अळ्या संपल्या, डास संपले, ताप संपला. आणि ताप संपल्यावर दंड संपला, दंड संपल्यावर पैसा संपला! डॉक्टरीणबाई रोजच्या होत्या त्या आठवड्यातून दोनदा यायला लागल्या. कपाटात पुन्हा झुरळं दिसायला लागली. म्हणजे तुम्हाला सांगतो, गाव खडखडीत बरं झालं आणि दवाखान्याने अंथरूण धरलं! मी विचारलं, आता काय? तर सगळीकडून एकच उत्तर. आता आपलं आपण!

आणि मग ना, माणसांची अक्कल कशी उलटी फिरते बघा. ज्याच्या घरात अळी सापडेल, त्याला मान मिळायला लागला! आमचे वकील आधी लपवायचे हो. दंड झाला की आठ दिवस गल्लीत तोंड दाखवायचे नाहीत. आता? दवाखान्यात आले की शिपाई खुर्ची पुसून देतो, "बसा साहेब, तुमच्यामुळे चाललंय सगळं." आणि वकील हात जोडून, "छे छे, मी कोण, टाकीच मोठी आहे देवाच्या दयेने." आणि आम्ही? आम्ही स्वच्छ लोक उभे! कोपऱ्यात! चोरासारखे! ते वकिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं, ते तेव्हाच!

एक दिवस अळीवाला माझ्या घरी आला. पळी घातली पिंपात, टॉर्च मारला, पुन्हा घातली, पुन्हा मारला. कुंडीखाली वाकला, मोरीत वाकला, माठ हलवला. मग मटकन उंबऱ्यावर बसला. डोळ्यांत पाणी!

"काका," म्हणाला, "एवढं स्वच्छ कसं हो राहवतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "अरे, शाबासकी द्यायची सोडून रडतोस काय?"

म्हणाला, "शाबासकी कुठून देऊ? सकाळपासून हे शंभरावं घर असेल. आमचे चारांचे दोघे केले, आता माझ्या एकट्यावर आणलंय. काकूंचा पाय आहे ना तुमच्या घरात? मग काहीतरी विचार करा ना काका. एक अळी दाखवा, फार नको."

मी उडालोच! अहो, कर मागावा, वर्गणी मागावी, इथे सरकारी माणूस दारात बसून अळी मागतोय!

पण त्याच आठवड्यात सिस्टरबाईंनी हिची पट्टी बांधता बांधता खाली मान घालून सांगितलं, "वहिनी, पुढच्या महिन्यापासून माझं इथलं काम बंद. खात्यात पैसा नाही. तुम्ही मोठ्या इस्पितळात जा." मोठ्या इस्पितळात! जिथे मान वर न करता बोट काढतात! ही रस्ताभर माझा दंड धरून लंगडत आली आणि घरी आल्यावर म्हणाली, "बोटच आहे हो. एका बोटावाचून काय अडतं?" तिने असं म्हटलं आणि मी काय ते ओळखलं. कारण ही बाई रिक्षावाल्याशी आठ आण्यांवरून भांडते, ती बोट सोडायला तयार झाली म्हणजे आतून किती घाबरली असेल!

मी तसाच उठलो आणि नगरपालिकेत गेलो. काचेच्या पलीकडे हेडक्लार्क. मी म्हटलं, "साहेब, अळीबिळी राहू दे. मी सरळ पैसे देतो. दवाखान्याला. हे घ्या."

त्यांनी पैशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "कशाचे?"

"देणगी."

"आरोग्य खात्यात देणगी घ्यायची सोय नाही. दंडाची आहे."

"मग दंड म्हणून घ्या!"

"अळी कुठाय?"

"अळी नाही हो!"

"अळी नाही तर दंड कसला? उद्या ऑडिटवाले मला विचारतील, निरपराध माणसाकडून दंड घेतला कसा? माझी नोकरी जाईल. आम्ही बेकायदा काही करत नाही, काका. अळी दाखवा, लगेच पावती देतो."

"अहो पण हा नियम कुणी केला? बदला की!"

हेडक्लार्क खुर्चीत रेलले, छाती फुगवली. "पूर्वीचा असता तर वरच्यांना शिव्या देता आल्या असत्या. आता आपण केलाय. आता आपलं आपण!"

मी पायऱ्या कशा उतरलो, मला आठवत नाही. घरी आलो आणि हिला म्हणालो, "अगं, मी अळ्या करतो."

"काय करता?"

"अळ्या. पिंपात."

ही माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मी दुसरं लग्न करतोय म्हणालो. "तुम्ही? डास पाळणार?"

"डास नाही गं, अळ्या! डास व्हायला वेळ लागतो. अळीवाला आठवड्याने येतो. तो येईल, बघेल, पावती फाडेल, पिंप ओतून देईल. डास व्हायच्या आत सगळं साफ. पैसा दवाखान्याला, सिस्टरबाई राहतील, तुझं बोट राहील. सोपं आहे!"

सोपं? अहो, कसलं सोपं! आयुष्यभर ज्याने पुसलं, त्याच्या हातून घाण होते का? पहिल्या दिवशी पिंप उघडं ठेवलं, सकाळी उठून बघतो तर झाकण, फडकं, वीट! हिला ओरडलो, तर म्हणते, "मी नाही, तुम्हीच लावलंत, झोपेतून उठलात आणि लावलंत!" दुसऱ्यांदा ठेवलं, तर पाण्यावर धूळ दिसली आणि हात आपोआप गेला… पिंप घासून मोकळा. शेवटी लाज सोडली, हातात वाटी घेतली आणि विरजण मागायला जातात तसा वकिलांकडे गेलो. "वकीलसाहेब, थोड्या… असतील का?" वकिलांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! मला गच्चीवर नेलं, स्वतः वाटी भरून दिली आणि पाठीवर थाप मारली. "आलात ना शेवटी माणसांत!"

आणि आल्या हो, अळ्या आल्या! पिंपात अशा वळवळायला लागल्या… मला बघवेना. मी पिंपापुढून जाताना चष्मा काढून जायचो.

आता तुम्ही म्हणाल, बेत फसला कुठे? सांगतो ना. मी अळीवाल्याची वाट बघतोय. आठवडा झाला, नाही आला. मी निरोप पाठवला, "अळ्या तयार आहेत, ये." तो म्हणाला, "येतो काका, पण रांग आहे." रांग? कसली रांग? अहो, सगळ्या गावाने तेच केलं होतं! कुणाची आई दम्याची, कुणाची सून बाळंतपणाला आलेली, कुणाला रक्तदाबाची गोळी लागते… दवाखाना प्रत्येकाला हवा होता! घरोघरी पिंपं उघडी, घरोघरी अळ्या, आणि त्या मोजायला खात्याने माणसं ठेवलीत किती? एकटा तो हडकुळा, रबरी बुटातला! मी हबकलो. पिंपाकडे धावलो. चष्मा लावला, वाकलो…

पिंप रिकामं. पाणी होतं. अळ्या उडून गेल्या होत्या.

तुम्हाला सांगतो, असा ताप गावाने पूर्वी पाहिला नव्हता. डेंग्यू! ह्या घरात दोघं, त्या घरात तिघं. वकील तर सहकुटुंब आडवे! आणि दंड? दंडाचा नुसता पाऊस! अळीवाला दिवसभर पावत्या फाडतोय, त्याच्या मदतीला पुन्हा तिघं नेमले, डॉक्टरीणबाई रोज, औषधांचं कपाट भरलेलं, सिस्टरबाई कायम झाल्या! नगराध्यक्षीणबाईंनी चौकात पुन्हा भाषण केलं, "बघा, कुणापुढे हात न पसरता गावाने केवढी साथ एकट्याने पेलली! आता आपलं आपण!" टाळ्या वाजवायला फारसं कुणी नव्हतं. सगळे झोपून होते.

आणि मीही. मला जो ताप चढला! हाडं कुणीतरी कपड्यासारखी पिळतंय. दवाखान्यात दाखल केलं. नवी कोरी खाट, पांढरी चादर, सलाईन लावायला उंच दांडी. रक्तातल्या पेशी का काय म्हणतात त्या खाली जातायत म्हणे, आणि डॉक्टरीणबाई हिला बाजूला घेऊन कुजबुजतायत. मला वाटलं, संपलं. पुसपुसेकाका गेले. आणि मरणाची भीती राहिली बाजूला, मला शरम वाटत होती हो! हे माझ्याच पिंपातलं, की वकिलांच्या, कुणाला ठाऊक!

दुसऱ्या दिवशी ही आली. आणि मी बघतच राहिलो. चप्पल घालून आली होती! दोन्ही पायांत! पट्टी नाही, काठी नाही, दहाच्या दहा बोटं जागेवर, ठणठणीत चालत आली. सिस्टरबाई म्हणाल्या, "वहिनींची पट्टी कालच सोडली. जखम पार भरली. आता त्यांना दवाखान्याची गरज नाही." मला इतकं भरून आलं, की सलाईन डोळ्यांतून बाहेर पडायला लागलं. मी हिचा हात धरला. म्हटलं, "झालं गं. तुझा पाय बरा झाला. आता घरी जा आणि पहिलं ते पिंप पालथं कर. घास, उन्हात घाल, वीट ठेव."

ही पदराशी चाळा करायला लागली.

"काय गं? केलंस का पालथं?"

"केलं होतं," म्हणाली. "परवा घासून पालथं केलं. पण काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्यांना अजून दहा-बारा दिवस इथे ठेवावं लागेल, रोज रक्त बघावं लागेल, खंड पडता कामा नये. मग मी…"

"मग तू काय?"

"सकाळी भरून आले. उघडं ठेवलंय. काळजी करू नका."

तुम्हाला सांगतो, मी सलाईनसकट उठून बसलो! ही कोण बोलतेय? मी डास पाळणार म्हटल्यावर मला वेड्यात काढणारी ही माझी बायको? रागवायला तोंड उघडलं, पण रागवू कशाच्या जोरावर? एवढ्यात माझ्या कानाशी एक डास गुणगुणला, मग दुसरा, अख्ख्या वॉर्डात माणसं झोपल्या झोपल्या स्वतःला चापट्या मारतायत, आणि सिस्टरबाई ओशाळून म्हणाल्या, "काय करणार काका, वॉर्डात पंखा नाही. थोडा दंड आणखी जमला तर घेऊ म्हणतात."

मी डोळे मिटले. हिला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "माळ्यावरचं दुसरं पिंपही काढ. पंखा घेऊन टाकू."